सातव्या महिन्यानंतर हाताला मुंग्या: आधी काय करायचं, मग काय

पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि उजवा हात जागेवर आहे की नाही तेच कळत नाही. बोटं जड, सुजल्यासारखी, आत हजार सुया टोचल्यासारखं. उठून हात झटकला की पाच मिनिटांनी बरं वाटतं. परत डोळा लागतो आणि तासाभरानं पुन्हा तेच. आमच्याकडची एक बाई पहिल्या भेटीत एवढंच म्हणाली होती, "माय वं, मना हात कोठे गया!"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या गरोदर बायका माझ्याकडे ही तक्रार घेऊन येतात आणि बहुतेकजणी उपाय करूनच आलेल्या असतात. कुणी मनगट दाबून-चोळून मालिश करून घेतलेलं असतं, कुणी क्रेप बँडेज करकचून बांधलेलं असतं, कुणी घरात पडलेली वेदनाशामक ट्यूब लावलेली असते. जे सगळ्यात आधी करायला हवं, म्हणजे रात्रभर मनगट सरळ ठेवणं, ते मात्र कुणीच केलेलं नसतं. चूक उपायांच्या क्रमात होते, म्हणून हा लेख क्रमानंच लिहिते आहे.

नेमकं होतं काय, ते थोडक्यात. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली मनगटाची हाडं, वर जाड पट्टा. त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि मीडियन नावाची एक नस जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अंगात पाणी साठतं, बोगद्याच्या आतही सूज येते आणि नस दबते. मनगट आत किंवा मागे वाकलं की दाब आणखी वाढतो. झोपेत आपण मनगट दुमडूनच झोपतो, म्हणून त्रास रात्री जास्त. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

## पायरी १: हा त्रास दुसरा कुठला नाही ना?

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. मुंग्या साध्या असतील, पण हाताची सूज कधी कधी मोठ्या आजाराची पहिली खूण असते.

त्याच दिवशी दवाखाना गाठा: हात आणि चेहरा एक-दोन दिवसांत अचानक सुजला, डोकं सतत दुखतंय, डोळ्यांसमोर काजवे चमकतात किंवा धूसर दिसतं, बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतंय. यातलं काहीही असलं तर रक्तदाब मोजायलाच हवा. १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला तर "उद्या बघू" म्हणू नका. बाळाची हालचाल कमी वाटली तरीही तसंच.

लगेच १०८ ला फोन करा: एका बाजूचा हात आणि पाय एकदम लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळते. हा मनगटाचा त्रास नाही.

पायांनाही मुंग्या येत असतील, तळपाय बधिर वाटत असतील, तर पुढच्या भेटीत व्हिटॅमिन बी-१२ आणि साखरेबद्दल विचारा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी पडणं नेहमीचं आहे. बधिरपणा मानेपासून खाली सगळ्या हातात उतरत असेल तर मानेची तपासणी हवी. तळहात-तळपायांना पुरळ नसताना खाज सुटत असेल, विशेषतः रात्री, तर ती मुंग्यांमध्ये मोजू नका. शेवटच्या महिन्यांत अशी खाज यकृताच्या तक्रारीमुळे येऊ शकते, डॉक्टरांना वेगळी सांगा.

## पायरी २: तीन रात्रींची नोंद

तपासणीच्या फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन्ही हात ठेवून पेननं बाह्यरेषा काढा. जाग आली की जी बोटं बधिर आहेत तिथं रेघा मारा आणि बाजूला वेळ लिहा. सकाळी आठवून लिहू नका. सकाळी सगळ्यांनाच "पूर्ण हात" वाटतो.

आता करंगळीकडे बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू बधिर, पण करंगळी शाबूत, असं चित्र आलं तर नस मनगटात दबते आहे असं समजायला हरकत नाही. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारची बाजू बधिर असेल तर दाब बहुधा कोपरापाशी आहे. मग चौथ्या पायरीतला स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा आधार, फारसा उपयोगी नाही. त्याऐवजी कोपर दुमडून झोपणं टाळा आणि डॉक्टरांना दाखवा.

घरी करता येते अशी एक चाचणी आहे. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे, कोपरं बाजूला. साठपर्यंत सावकाश मोजा. त्याआधीच त्या साडेतीन बोटांत मुंग्या आल्या तर शंका पक्की होते. आल्या की लगेच हात सोडा, पुन्हा पुन्हा करून बघू नका.

## पायरी ३: अंगठ्या आणि बांगड्या

सातवा महिना लागताच अंगठ्या काढा. निघत असतानाच काढायच्या. नवव्या महिन्यात अडकलेली अंगठी कापावी लागते, आणि लग्नातली अंगठी कापताना बायकांच्या डोळ्यांत येणारं पाणी मी बघितलेलं आहे.

अडकलीच असेल तर गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच ओढू नका, तेव्हा बोटं जास्त फुगलेली असतात. हात डोक्याच्या वर पाच-दहा मिनिटं धरा, मग माठातल्या पाण्यात बुडवा, साबण किंवा खोबरेल तेल लावा आणि अंगठी गोल फिरवत बाहेर आणा. तरी नाही निघाली तर शिवणाचा मजबूत दोरा घ्या. एक टोक अंगठीखालून तळव्याकडे काढून ठेवा. उरलेला दोरा अंगठीपासून सांध्याच्या पलीकडेपर्यंत बोटावर शेजारी-शेजारी गुंडाळा. आता तळव्याकडचं टोक धरून दोरा उलगडत जा. दोरा सुटेल तशी अंगठी पुढे सरकते. बोट निळं किंवा पांढरं पडलं असेल तर हा प्रयोग करत बसू नका, दवाखान्यात जा.

बांगड्यांचा प्रश्न नाजूक आहे. ओटीभरणात भरलेला हिरवा चुडा काढायचा म्हटलं की घरात कुरकुर होते. मी सासूबाईंना सांगते, मावशी, हात मोकळा असला तर सून बाळाला नीट धरेल. चुडा भरायचाच असेल तर नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्या आणि माप संध्याकाळी द्या, तेव्हा हात सुजलेला असतो. भरलेल्या बांगड्या मनगटावर रुतून वळ उठत असतील तर काढायच्याच. शकुनाची म्हणून एक सैल बांगडी ठेवली तरी पुरते. घड्याळाचा पट्टाही सैल करा.

## पायरी ४: रात्री मनगट सरळ

सगळ्यात जास्त फरक इथं पडतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथंच होतात.

औषधाच्या किंवा सर्जिकल दुकानात "रिस्ट स्प्लिंट" मागा. बहुतेक ठिकाणी "कॉक-अप स्प्लिंट" हातात देतात. चालेल, पण आधी त्यातली पट्टी बघा. तळहाताच्या बाजूला एक खिसा असतो आणि त्यात ॲल्युमिनियमची पट्टी. ती बाहेर ओढा. पुष्कळदा ती मागच्या बाजूला वाकवलेली असते, म्हणजे घातल्यावर मनगट वर उचललेलं राहतं. इतर दुखण्यांसाठी ते ठीक आहे, आपल्याला मात्र मनगट सपाट हवं. पट्टी टेबलाच्या काठावर ठेवून तळहातानं दाबत सरळ करा आणि परत खिशात घाला.

हे मी स्वतःच्या दुसऱ्या बाळंतपणात शिकले. बत्तिसाव्या आठवड्यात घाईघाईत घेतलेला स्प्लिंट मी न बघता घातला. तीन रात्री मुंग्या वाढतच गेल्या आणि स्प्लिंटचा उपयोग नाही असं मला वाटायला लागलं. चौथ्या दिवशी पट्टी बाहेर काढली तर ती कलथ्याच्या दांड्यासारखी वाकलेली. सरळ केली. त्या रात्री एकदाच जाग आली. तेव्हापासून कुणीही स्प्लिंट आणला की आधी मी पट्टी बाहेर काढून बघते.

घालण्याचा क्रम असा:

1. जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून नळीसारखा भाग हातावर चढवा. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. स्प्लिंट थेट कातडीवर बांधला तर दोन दिवसांत घामोळं येतं आणि तो कपाटात जातो.
2. पट्टी तळहाताकडे येईल असा स्प्लिंट घाला. पुढची कड बोटांच्या मुळाशी असलेल्या रेषेच्या अलीकडे थांबली पाहिजे.
3. मूठ वळून बघा. पूर्ण वळत नसेल तर स्प्लिंट लांब आहे किंवा पुढे सरकला आहे.
4. आधी कोपराकडचा पट्टा लावा, मग तळहाताजवळचा, आणि मनगटावरचा सगळ्यात शेवटी, सगळ्यात सैल. प्रत्येक पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं.
5. अंगठा मोकळा.

तपासा: पंधरा मिनिटं बसून राहा. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार किंवा निळसर वाटली, मुंग्या आधीपेक्षा वाढल्या तर पट्टे सैल करा. सैल करूनही वाढत असतील तर पट्टीचा बाक पुन्हा बघा.

स्प्लिंट मिळत नसेल किंवा शहरात जायला चार दिवस लागणार असतील तर घरी करा. दिवाळी अंकाएवढं जाड मासिक घ्या, तळहाताच्या मधोमधपासून हाताच्या अर्ध्या लांबीपर्यंत येईल एवढ्या लांबीचं. ते पन्हळीसारखं वाकवून हाताखाली धरा, आत जुन्या मऊ साडीची घडी घाला आणि कापडाच्या तीन पट्ट्यांनी सैलसर बांधा. दोन-चार रात्री नीट काम देतं.

नुसतं क्रेप बँडेज मनगट वाकणं थांबवत नाही, फक्त आवळतं. आधीच दबलेल्या नसेवर आणखी दाब, एवढंच होतं. ते बांधू नका.

दोन्ही हातांना त्रास असेल तर दोन्ही हातांना स्प्लिंट. रात्री लघवीला चार वेळा उठताना अडचण होते हे खरं, म्हणून निदान जास्त त्रासाच्या हाताला तरी घाला. दिवसभर घालून बसू नका, सांधे आखडतात. आणि दोन रात्रींत सोडून देऊ नका, रोज रात्री, किमान दोन आठवडे.

## पायरी ५: झोपायची पद्धत

स्प्लिंट घालूनही हात गालाखाली किंवा उशीखाली घेतला तर फायदा निम्मा जातो. कुशीवर झोपा, पोटापुढे एक उशी किंवा गुंडाळलेली गोधडी ठेवा आणि वरचा हात तिच्यावर लांब टाका. खालचा हात अंगाखाली दबू न देता पुढे काढा. बाजेवर झोपत असाल तर कडेच्या लाकडावर मनगट टेकत नाही ना, ते बघा.

पहाटे जाग आलीच तर उठून बसा, हात खाली सोडा, बोटं सैल ठेवून हलके झटका, मूठ दहा वेळा उघडा-मिटा. ओला गार रुमाल मनगटाभोवती पाच-दहा मिनिटं ठेवला तर बरं वाटतं. बर्फ थेट लावू नका. बधिर कातडीला किती गार झालं ते कळत नाही. त्याच कारणानं गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही नको.

## पायरी ६: दिवसाची कामं

आपल्याकडची कामं मनगटाला सोपी नाहीत. रोजची भाकरी घ्या. ज्वारी असो की कळणा, थापताना शरीराचा भार तळहाताच्या टाचेवर येतो आणि मनगट मागे वाकलेलं असतं, म्हणजे दाब बरोबर त्या बोगद्यावर. आठ-दहा जणांच्या घरात सकाळी पंचवीस भाकऱ्या थापणाऱ्या बाईला रात्री झोप लागत नाही याचं मला नवल वाटत नाही.

घरात दुसरं कुणी थापू शकत असेल तर दोन महिने त्यांनीच थापाव्यात, हे मी नवऱ्यासमोर स्पष्ट सांगते. शक्यच नसेल तर भाकरी लहान करा, प्लॅस्टिकच्या कागदावर लाटण्यानं हलके लाटा, चार भाकऱ्या झाल्या की थांबून हात मोकळा करा. आणि एक फार महत्त्वाचं: तव्यावरची भाकरी बोटांनी उलटू नका, कलथा वापरा. बोटं बधिर असताना चटका कळत नाही. मागच्या वर्षी एकीच्या तर्जनीला आणि मधल्या बोटाला फोड आले होते. भाजी जळल्याचा वास येतोय असं तिला वाटलं होतं.

बट्टीचं घट्ट पीठ मळणं, कुरडयांचा सोऱ्या पिळणं, भरिताची वांगी ठेचणं, म्हशीची धार काढणं, गोधड्या पिळणं ही पाच कामं शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण बंद. धुणं पिळण्याऐवजी तसंच निथळत टाका, आपल्या उन्हात तासाभरात वाळतं. वाळवणाच्या हंगामात दिवस भरत असतील तर पापड लाटायला बसू नका. बसून राहिलात तरी लाटणं दुसरीच्या हातात द्या.

कापूस वेचणीला जात असाल तर अडचण वेगळी असते. तिथं चिमटीत धरून ओढण्याची एकच हालचाल हजारो वेळा होते. हात बदलत राहा, अर्ध्या तासानं बोटं ताणा, ओटीतला कापूस लवकर रिकामा करा. आठव्या महिन्यानंतर वेचणी थांबवा, हे मनगटासाठीही आणि पोटासाठीही.

मोबाईल एका हातात वाकडा धरून तासभर बघणंही यातच येतं. तांब्याला टेकवून ठेवा.

पाणी कमी पिऊ नका. "पाणी साठलंय म्हणून पाणी कमी" असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. खानदेशच्या उन्हात गरोदर बाईनं पाणी तोडणं धोक्याचं आहे आणि त्यानं हाताची सूज उतरत नाही.

## पायरी ७: बोटांच्या पाच आकृती

हा व्यायाम चौथी पायरी चार-पाच रात्री नीट जमल्यावर सुरू करा, आधी नाही. चिडलेल्या नसेला सुरुवातीलाच ताणलं तर ती आणखी चिडते.

कोपर टेबलावर, मनगट सरळ, बोटं छताकडे. क्रमानं: बोटं सरळ, मग फक्त वरचे दोन सांधे वाकवून बादलीची कडी धरल्यासारखा आकडा, परत सरळ, मग पूर्ण मूठ, परत सरळ, मग बोटं मुळाशी काटकोनात वाकवून सपाट छत, तिथूनच बोटांची टोकं तळहाताला टेकवून चपटी मूठ, परत सरळ. प्रत्येक आकृतीला तीन सेकंद. पाच फेऱ्या, दिवसातून दोन-तीन वेळा. जोर लावायचा नाही. मुंग्या वाढल्या आणि थांबल्यावरही दहा मिनिटं राहिल्या तर दोन दिवस बंद.

मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम बऱ्याच जणी करतात. तो या त्रासात करू नका. मालिश हवंच असेल तर बोटांकडून कोपराकडे हलक्या हातानं तेल फिरवा. मनगटावर अंगठा रोवून "नस मोकळी" करायला कुणालाही देऊ नका, मालिशवाली मावशी कितीही अनुभवी असली तरी.

## पायरी ८: गोळ्या आणि डॉक्टर

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या आणि त्यांच्या ट्यूब विसाव्या आठवड्यानंतर स्वतःच्या मनानं वापरू नका. बाळाच्या मूत्रपिंडावर आणि गर्भजलावर परिणाम होऊ शकतो. पुढच्या आठवड्यांत बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीलाही धोका असतो. दुखणं असह्य असेल तर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. लघवी वाढवणारी गोळीही नको. नसांसाठी म्हणून बी-६ च्या जास्तीच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर घेऊ नका. त्याचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही आणि जास्त मात्रेनं उलट नसाच बिघडतात.

दोन आठवडे स्प्लिंट नीट घालूनही फरक नसेल, दिवसाही बोटं बधिर राहत असतील, ब्लाऊजचे हूक लागत नसतील, हातातून कप सुटत असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेली गादी चपटी दिसायला लागली असेल तर थांबू नका. नसेची विजेची तपासणी गरोदरपणात सुरक्षित आहे. काहींना मनगटात इंजेक्शन लागतं, ऑपरेशनची वेळ क्वचित येते. थायरॉईड आणि साखरेची तपासणी झालेली नसेल तर याच भेटीत करून घ्या, दोन्हीमुळे हा त्रास वाढतो.

खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. आशाताईंना विचारा, जाताना दुसऱ्या पायरीचं हाताचं चित्र सोबत न्या. "हात दुखतो" एवढंच सांगितलं तर गर्दीत कॅल्शियमची गोळी मिळते. चित्र दाखवलं की डॉक्टर मनगट हातात घेऊन बघतात.

## पायरी ९: बाळंतपणानंतर

बाळ झालं की दुसऱ्या दिवशी हात मोकळा होईल असं समजू नका. पहिले काही दिवस सूज उलट वाढू शकते. बहुतेकींचा त्रास काही आठवड्यांत उतरतो, काहींना महिने लागतात. म्हणून स्प्लिंट धुऊन दवाखान्याच्या पिशवीत टाका. माहेरी जाताना तो सासरच्या कपाटात राहतो, असं फार वेळा होतं.

पाजताना बाळाचं डोकं वाकवलेल्या मनगटावर पेलू नका. मांडीवर उशी, उशीवर बाळ, आणि हात सरळ, नुसता आधाराला. रात्री कुशीवर पडून पाजलं तर मनगटाला विश्रांती मिळते, पण पाजून झालं की बाळाला बाजूला नीट निजवा. बाळाला न्हाऊ-माखू घालायचं काम सव्वा महिना आजीकडे असेल तर राहू द्या.

अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या कडेला, बाळ उचलताना कळ येत असेल तर तो वेगळा त्रास आहे, त्याचा स्प्लिंटही वेगळा असतो. सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत रात्रीच्या मुंग्या चालूच असतील तर टाके आणि बाळाचं वजन बघून परत येऊ नका. हातही पुढे करा.